एक राहिला तर चालतं

१

अलार्म अजून वाजलाच नव्हता, आणि तरी गोट्यांनी चोची वळवल्या.

ज्ञानदाचं बोट माउसवर होतं, पण दाबलेलं नव्हतं. नाही दाबलं, शप्पथ नाही दाबलं, असं ती स्वतःलाच बजावत होती. पडद्यावर तिच्या घराचा नकाशा होता, छप्पर काढून वरून डोकवावं तसा. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागं न्हाणीघर. आणि माणसांच्या जागी रंगीत ठिपके. ऑफिसात सगळे त्यांना गोट्या म्हणायचे. माणसाचं तोंड कुणीकडे आहे ते कळावं म्हणून प्रत्येक गोटीला एक बारीक चोच होती. आगीचं बटण दाबलं की अलार्म वाजणार, गोट्या दाराकडे निघणार; कोण कधी बाहेर पडतं, कुठं अडतं, ते सॉफ्टवेअर दाखवणार. मंगल कार्यालयवाले, कारखानदार, दवाखानेवाले ते विकत घेणार. पण बटण दाबेपर्यंत गोट्यांनी ढिम्म बसायचं असतं.

आणि आता तिन्ही गोट्या, होत्या त्याच जागी राहून, पुढच्या दाराकडे तोंड करून उभ्या होत्या. बेल वाजल्यावर घरातली माणसं वळतात ना, तशा.

"बसवेश!" तिचा आवाज नको तितका चढला.

बसवेश हातात डब्याचं झाकण घेऊनच आला. टेस्टची ही खोली म्हणजे पूर्वीचं सुताचं गोदाम; खिडकी नाही, भिंतीला अजून सुताचा कोंदट वास. खाली यंत्रमाग चालत, त्यांचा खडखडाट फरशीतून पायात शिरायचा.

"काय झालं गं? परत पाल का?"

"या वळल्या. मी काही केलं नाही."

"बीटा हाय की ती! बाळंत व्हायची हाय अजून. पोटातलं पोर जरा हललं म्हणून एवढं काय दचकायचं?" तो हसला, आणि मग त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण तो एकदम ओशाळला. "सॉरी हां. ताई कशी हाय तुझी?"

"बरी आहे," ज्ञानदा म्हणाली. तिची नजर मधल्या खोलीतल्या गुलाबी गोटीवर होती. त्या गोटीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : उत्कर्षा.

२

नावं तिनंच घातली होती. तशी पद्धतच होती.

सॉफ्टवेअरची नवी बीटा, म्हणजे बाजारात जायच्या आधीची कच्ची आवृत्ती, आली की तिला चालवून बघायला कोरी करकरीत जागा लावून द्यायची, हे ज्ञानदाचं काम. मशीन पुसून साफ करायचं. इंटरनेटची वायर काढायची. बीटा चढवायची, तिच्यात एक इमारत उभी करायची, माणसं सोडायची. हृषीकेश सरांचा नियम ठरलेला होता : ज्या घरात डोळे मिटून फिरता येतं, तेच घर टेस्टला घ्यायचं. म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं की तुम्हाला लगेच बोचतं. माणसंही ओळखीचीच टाकायची. "युजर वन आत राहिला तर तुम्ही जांभई द्याल," सर म्हणायचे. "आई आत राहिली की खुर्चीत ताठ बसाल."

बसवेशनं आपलं दमाणी नगरातलं घर टाकलं होतं आणि त्यात तो सासऱ्याला दरवेळी जाळायचा. सगळे हसायचे.

ज्ञानदानं जुळे सोलापुरातलं आपलं घर टेपनं मोजून आणलं होतं. टेपचं दुसरं टोक नागव्वानं धरलं होतं. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हापासून तिला तेल लावायला, न्हाऊ घालायला नागव्वा येत होती. अक्कलकोटकडची, जाडजूड हाताची, सतत बोलणारी. "घर इकाय काढलं का काय, धाकल्या अक्का?" असं विचारत ती दारापाशी टेप धरून बसली होती. मागच्या दाराशी उन्हाळ्यापुरता कूलर लावलेला, म्हणून ज्ञानदानं नकाशातही ते दार बंद दाखवलं. खिडक्यांना लोखंडी ग्रिल. बाहेर पडायला पुढचं दार तेवढं. बाबा आरामखुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, ताई मधल्या खोलीत. ज्याची त्याची रोजची जागा. ताईच्या गोटीचा वेग तिनं मुद्दाम कमी ठेवला. नववा महिना होता.

स्वतःला तिनं घातलं नव्हतं. ती तर ऑफिसातच असणार होती.

बसवेश गेल्यावर तिनं बटण दाबलं. अलार्म किरकिरला. बाबांची गोटी बाहेर पडली आणि नियमाप्रमाणे पुसली गेली. आईचीही. ताईची गोटी हळूहळू दारापर्यंत आली आणि थांबली.

दार उघडं होतं. रुंदी बरोबर होती. वाटेत काही नव्हतं. तरी ती गुलाबी गोटी उंबऱ्याच्या आतल्या अंगाला, चोच दाराला लावून, जागच्या जागी थरथरत राहिली. न उघडणारं दार माणूस हिसके देऊन बघतो, तशी. धूर म्हणून दाखवलेली करडी छटा मागून सरकत आली आणि तिच्यावरून गेली.

ज्ञानदानं मशीन पुसलं, सगळं नव्यानं लावलं. परत तेच. दुसऱ्या मशीनवर लावलं. परत तेच.

३

संध्याकाळी घरी नेहमीचंच चाललं होतं. बाबा आरामखुर्चीत पेपर उलटा-सुलटा करत होते. आई उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होती. ताई मधल्या खोलीत पाय लांब करून नवऱ्याच्या फोनची वाट बघत होती आणि विचारलं तर नाही नाही म्हणत होती.

"मावशी होणार तू, आणि तोंड बघ," ताई म्हणाली. "बाळ घाबरेल."

"मला काही झालेलं नाही."

"मग ये इकडं. हात ठेव. बघ कसा लाथा घालतोय गुलाम."

ज्ञानदा वाकली, पोटावर हात ठेवला, आणि तेवढ्यात घर गप्प झालं. पेपरची कुरकुर थांबली. आईचा हात लसणावर थांबला. ताईनं बोलता बोलता तोंड मिटलं. तिघांनी, अगदी एका क्षणी, पुढच्या दाराकडे बघितलं.

बेल वाजली नव्हती. ज्ञानदानं कान देऊन ऐकलं होतं, काहीच वाजलं नव्हतं.

"कोण आहे?" बाबांनी विचारलं.



ज्ञानदानं स्वतःला समजावलं. माणसं नेहमीच्या जागी बसली होती. त्याच जागा तिनं नकाशात टाकल्या होत्या. मग चित्र तसंच दिसणार, त्यात नवल ते काय? रस्त्यावर काही खुट्ट झालं असेल. तीच दचकायच्या नादात ऐकायची राहिली असेल.

"मी बघते," म्हणत ताई हात टेकत उठली. ज्ञानदा "नको" म्हणेपर्यंत ती दाराशी पोचलीही. तिनं कडी काढली. ओढलं. पुन्हा ओढलं.

"अगं बाई! कुणीतरी बाहेरून धरलंय."

"लाकूड फुगलं असेल," बाबा पेपरमागून म्हणाले.

मग दार सुटलं. इतक्या सहज, की ताई मागं झोकांडली आणि ज्ञानदानं तिला सावरलं. बाहेर कुणी नव्हतं. फाटकाला कडी होती. पायरीवर दिवसभराच्या उन्हाची धग होती.

एप्रिलात लाकूड फुगत नाही, हे ज्ञानदाला माहीत होतं. बाबांनाही माहीत होतं. त्यांनी पेपर जरा जास्तच वर धरला होता.

४

"कुणीतरी एक आत राहतो," तिनं सरांना सांगितलं.

हृषीकेश सर फोनवर बोलता बोलता ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, "दरवेळी एकच ना? दोन नाही ना राहत?"

"एकच. पण सर, दार उघडं असताना..."

"ज्ञानदा, रिलीज उद्या आहे. एक राहिला तर चालतं. टॉलरन्समध्ये बसतं. पास कर."

"कोण राहतं ते..."

"गोटी आहे गं ती," ते हसून म्हणाले. "कोण काय कोण?"

ती गोदामात परतली. पास करून टाकावं, घरी जावं, असं तिला शंभरदा वाटलं. पण गुलाबी गोटी अजून दाराशी उभी होती, आणि ती तशी ठेवून मशीन बंद करायचं तिला धाडस होईना. तिनं ताईचं नाव पुसलं. चालवलं. आता आई राहिली. हिरवी गोटी, त्याच उंबऱ्याशी, तीच थरथर. तिनं आईलाही काढलं. बाबा राहिले. सगळ्यांना परत घातलं, दार रुंद केलं, कूलर हलवून मागचं दारही उघडं केलं. मागच्या दाराकडे एकही चोच वळली नाही. ताई राहिली.

"काय चाललंय मॅडम, कुणाला वाचवताय?" बसवेश दारात टेकून बघत होता. "तुमच्या घरातलं कुणी नको असेल तर दुसरं टाका की एखादं. पेपरवाला, दूधवाला. न्हायतर स्वतःचं नाव टाका! तुम्ही काय राहताय आत, पालीला बघून पळणारी बाई..."

"गप बस हं," ती खेकसली.

तो गेला. तिनं नवी गोटी घेतली. नावाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता. आपलं नाव टाकून बघायला काय हरकत आहे, नुसतं बघायला, असं मनात आलं, आणि बोटं कळफलकावरून मागं सरली. मग ती पुढं झाली आणि तिनं एका दमात लिहिलं : नागव्वा. जागा दिली न्हाणीघरात, बंबापाशी.

बटण दाबलं.

बाबा गेले. आई गेली. ताईची गुलाबी गोटी डुलत डुलत आली, उंबरा ओलांडला आणि पुसली गेली. ज्ञानदाच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला; हसणं म्हणावं तर हसणं. मागून तपकिरी गोटी आली आणि दाराशी अडली.

तेव्हा तिला बाहेरचं दिसलं.

दारापलीकडे तिनं काहीच काढलेलं नव्हतं. पायरी नाही, फाटक नाही. बीटामध्ये बाहेर असं काही नसतंच, नुसती पांढरी जागा. त्या पांढऱ्यात, दाराला अगदी चिकटून, एक गोटी उभी होती. चोच आत. आतली गोटी थरथरली की बाहेरचीही थरथरायची, दोघी एकच फळी दोन्हीकडून ओढत असाव्यात तशी.

ज्ञानदानं तिच्यावर टिचकी मारली. नावाची चौकट उघडली. ती रिकामी होती. आत कर्सर लुकलुकत होता.

खाली वीज गेली असावी. माग एकदम थांबले. त्या शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

तिनं चौकट बंद केली. "पास" वर खूण केली. डबा उघडला आणि पोळी-भाजी नीट चावून खाल्ली. कित्येक दिवसांत तिला एवढी भूक लागली नव्हती.

५

"मांजरावानी मागं येऊन हुब्या ऱ्हाता आन् वर तुमीच दचकता, धाकल्या अक्का," नागव्वा म्हणाली. ती न्हाणीघरात वाकून बंब घासत होती आणि तिनं मागं वळून बघितलंही नव्हतं. "पाय वाजवून येत जावा. पाप लागतंय अशानं."

"मी काही दचकले नाही."

"न्हाय कशी! श्वास ऐकू येतोय मला." ती हसली. तिचे पुढचे दात मिश्रीनं काळे झाले होते. "थोरल्या अक्कांचं पोट उतरलंय बगा. आज-उद्याकडंच हाय. आईसाहेब म्हनल्या, उद्यापास्नं दिवसभर हितंच ऱ्हा. मी म्हनलं ऱ्हाते की. माजी चंद्रिका रुसली तेवढी. तिचा साकरपुडा हाय ह्या म्हैन्यात. म्हनती, लोकाची लेकरं आदी, तुजी मागनं."

ज्ञानदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. आता बोलावं. उद्या नका येऊ, एवढंच म्हणायचं. कारण काहीही सांगता येईल. चंद्रिकेचं निमित्त तर आयतं हातात आहे. नागव्वा हसेल, आईला सांगेल, ती चिडेल, बस. एका वाक्याचं काम.

आणि मग उद्या बंबापाशी कुणी नसेल. घरात तिघंच उरतील.

मधल्या खोलीतून ताईचा आवाज आला. ती फोनवर नवऱ्याशी बोलत होती, लाडात येऊन, बाळाचं नाव काय ठेवायचं यावरून भांडत होती.

"काय म्हनत हुता तुमी?" नागव्वानं विचारलं.

"काही नाही," ज्ञानदा म्हणाली. "राहा तुम्ही. ताईला तुमच्याशिवाय करमत नाही."

"लई गुणाची पोरगी," नागव्वा म्हणाली, आणि तिनं राखेनं भरलेला हात लांब धरून मनगटानंच ज्ञानदाच्या गालाला लाडानं ढकललं. "शेंगाचटणी आणलीया तुमच्यासाटी. डब्यात घेऊन जावा."

६

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिस रिकामं होतं. रिलीज झाली म्हणून सर सगळ्यांना जेवायला घेऊन गेले होते. ज्ञानदा गेली नाही. टेस्टचं मशीन पुसून ठेवते म्हणाली. ते खरंही होतं. पुसलं की संपलं, असं तिनं सकाळपासून धरून ठेवलं होतं.

ती गोदामात शिरली तेव्हा पडदा चालू होता.

ठरल्या वेळी टेस्ट आपोआप सुरू व्हायची सोय असते, ती कालची राहिली असेल. तिनं मान हलवून स्वतःला ते पटवलं. गोट्या आपापल्या जागी होत्या. बाबा, आई, ताई. न्हाणीघरात तपकिरी.

चारी चोची एकदम दाराकडे वळल्या.

खालचे माग बंद पडले. पंखा मंदावत थांबला. मशीन तेवढं बॅटरीवर चालत राहिलं, आणि त्या मुक्या गोदामात अलार्म किरकिरायला लागला. तिनं बटण दाबलं नव्हतं. आज तिला त्याची शप्पथही घ्यावीशी वाटली नाही.

बाबा गेले. आई ताईपाशी थांबली, मग दोघी बरोबर निघाल्या. असं थांबायला ज्ञानदानं गोटीला कधी शिकवलं नव्हतं. करडी छटा न्हाणीघराकडून पसरू लागली. तपकिरी गोटी तिच्या पुढं पुढं, घाईनं, मधली खोली ओलांडून आली.

ज्ञानदानं फोन काढला. बाबांना लावला. वाजत राहिला. आईला लावला. वाजत राहिला. पडद्यावर आई आणि ताई बाहेर पडल्या, पुसल्या गेल्या. तपकिरी गोटी दाराशी पोचली आणि अडली. पलीकडे ती दुसरी होतीच.

"नको," ज्ञानदा मोठ्यानं म्हणाली. "नको, नको, हे नको." तिनं तपकिरी गोटी निवडली आणि पुसून टाकली.

दार मोकळं झालं. एक क्षण काहीच झालं नाही. मग पांढऱ्यातून, हळूहळू, डुलत, गुलाबी गोटी परत आली. काहीतरी आत विसरलेल्या माणसासारखी ती उंबऱ्यावर जराशी थांबली आणि आत शिरली. करडी छटा तिच्याकडे सरकली. ती मधल्या खोलीपर्यंत गेली, वळली, दाराशी आली. थरथरायला लागली.

ज्ञानदाला नंतर कधी कुणी विचारलं असतं की तू किती वेळ विचार केलास, तर तिला सांगता आलं नसतं, कारण तिनं केलाच नाही. तिच्या बोटांनी नवी गोटी घेतली. नावाची चौकट उघडली. कर्सर लुकलुकला. तिची बोटं थंड होती आणि एकदाही चुकली नाहीत. नागव्वा. जागा : दारापाशी, आत.

गुलाबी गोटी लगेच सुटली. उंबरा ओलांडून निघाली, आणि पांढऱ्यात दिसेनाशी झाली.

ज्ञानदा खुर्चीत मागं टेकली. ताई बाहेर आहे, बाळ बाहेर आहे. ती हे पुटपुटत राहिली. हे सगळं खोटंच आहे, गोट्या आहेत, घरी आत्ता सगळे जेवून आडवे झाले असतील आणि फोन चार्जिंगला असतील. तसंच असेल. एकदा ताईचा आवाज ऐकला की झालं.

तिनं ताईला फोन लावला. पडद्याकडे बघायचं नाही म्हणून भिंतीकडे तोंड केलं. रिंग वाजत होती. सुताचा वास आज जळका येत होता का, की तिलाच तसं वाटत होतं? रिंग वाजत होती. उचल ताई, नुसतं हॅलो म्हण, शिवी दे, काहीही. मागे अलार्म थांबला. रिंग वाजत होती.

मग ती तुटली. कुणीतरी फोन उचलला होता. आधी नुसता खोकला आला, कोरडा, घशातून खरवडून निघालेला. त्यामागं दार हलल्याचा आवाज, लाकडावर हाताचे धपके.

"धाकल्या अक्का," नागव्वा म्हणाली, समजूत घालावी तशी, हळू, "सगळी भायेर गेली. धूर लई झालाय. मस्करी पुरे आता. दार सोडा की."